नागपूरच्या घरात कठीण प्रवाळ: पाणी, तापमान, क्षार आणि उजेड स्थिर कसे ठेवावेत

नागपुरातून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र गाठायला दिवसभराचा प्रवास करावा लागतो. तरीही या शहरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या हौसेने सांभाळल्या जातात. खाऱ्या पाण्यातले मासे इथे बऱ्यापैकी रुळतात. कठीण प्रवाळाचे मात्र तसे नाही. तो दगडासारखा दिसला तरी दगड नसतो. लहान लहान पॉलिपांची ती वसाहत असते. पॉलिपांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. पॉलिप पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेऊन अरॅगोनाइटचा सांगाडा बांधत जातो. प्रवाळभित्तीजवळच्या उघड्या समुद्रात तापमान, खारटपणा आणि क्षार दिवसागणिक फारसे हलत नाहीत, आणि या जिवाची सारी घडण त्या स्थैर्यावर उभी आहे. म्हणून पुढे जे आकडे येतील, ते गाठणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते हळू बदलू देणेही महत्त्वाचे आहे. माझ्या अनुभवात चुकीच्या आकड्याने जितके प्रवाळ गेले, त्याहून अधिक घाईघाईने केलेल्या दुरुस्तीने गेले.

सर्वांत आधी कागदपत्रे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्क्लेरॅक्टिनिया गणातले सर्व कठीण प्रवाळ समाविष्ट आहेत. त्यांच्या जोडीला समुद्रपंखे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन-पाइप प्रवाळही आहेत. मालवण, लक्षद्वीप, अंदमान, कच्छचे आखात किंवा मन्नारचे आखात येथून प्रवाळ काढणे आणि विकणे हा गंभीर गुन्हा आहे. परदेशातले कठीण प्रवाळ साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे त्यांच्या आयातीलाही परवाने लागतात. विक्रेत्याकडे मूळ देश, आयात परवाना आणि बिल यांची प्रत मागावी. ती मिळत नसेल, तर तो तुकडा कितीही देखणा असला तरी घरी आणू नये. पैसे देण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात नोंदणीविषयी लेखी विचारणा करून ठेवावी. पुढचे सगळे मार्गदर्शन कागदपत्रांसह मिळालेल्या प्रवाळासाठी आहे. ज्यांना असा प्रवाळ मिळत नाही, त्यांनी मशरूम प्रवाळ आणि झोअँथिड यांच्यावर हीच परिस्थिती घडवण्याचा सराव करावा, कारण हे दोन्ही स्क्लेरॅक्टिनिया गणात येत नाहीत. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा मात्र घालावाच. त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असते.

पाणी कोणते आणि मीठ कसे

शहराला पाणी मिळते ते पेंच प्रकल्प, कन्हान नदी आणि गोरेवाडा तलाव येथून. पिण्यासाठी ते शुद्ध केलेले असते, पण त्यात क्लोरीन आणि विरघळलेले क्षार असतात. बोअरवेलचे पाणी तर जड असते आणि विदर्भात कित्येक ठिकाणी त्यात नायट्रेटही आढळते, त्यामुळे ते प्रवाळाच्या टाकीत वापरू नये. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणीही चालत नाही, कारण चव यावी म्हणून त्या यंत्रात खनिजे परत मिसळण्याची किंवा मूळ पाणी थोडे सोडण्याची सोय केलेली असते. टाकीसाठी सेडिमेंट फिल्टर, कार्बन, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) अशी स्वतंत्र जोडणी लागते, आणि शेवटच्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, शून्य असावा. तो दोन-तीनवर जाऊ लागला की रेझिन बदलावे. बाहेर पडणारे सांडपाणी फरशी पुसायला आणि भांडी घासायला उपयोगी पडते. कुलरमध्ये ते घातल्यास पॅडवर क्षार लवकर साचतात.

मीठ म्हणजे मत्स्यालयांसाठी बनवलेले रीफ सॉल्टच. स्वयंपाकाचे किंवा खडेमीठ त्याची जागा घेऊ शकत नाही. साधारण एका लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागते. पाणी आधी बादलीत घ्यावे, पंप चालू करावा आणि मग मीठ थोडे थोडे सोडावे. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असावे. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा, नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवून भागत नाही. पावसाळ्यात मिठाच्या पिशवीला दमट हवा लागली की गठ्ठे होतात, म्हणून पिशवी उघडताच मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे.

टाकी २०० लिटरपेक्षा लहान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खालच्या कपाटात सम्प (मुख्य टाकीला जोडलेली दुसरी छोटी टाकी), त्यात फेसातून घाण काढणारा प्रोटीन स्किमर आणि वर मोकळी हवा, ही मांडणी पुरेशी आहे. खडक ठेवल्यापासून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. एलपीएस म्हणजे मोठ्या पॉलिपांचे प्रवाळ तीन-चार महिन्यांनंतर आणावेत. अॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या, म्हणजे एसपीएस प्रवाळांसाठी आठ ते बारा महिने थांबावे.

तीन ऋतू, तीन वेगळ्या अडचणी

पाण्याचे तापमान २४.५ ते २६.५ अंशांच्या दरम्यान असावे आणि एका दिवसात एका अंशाहून अधिक हलू नये. नागपुरात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहाच्या आसपास किंवा त्याखाली येतो. पाणी दीर्घकाळ २९-३० अंशांवर राहिले की प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकू लागतो आणि त्याचा रंग उडून पांढरा सांगाडा दिसू लागतो. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यावर हेच सोसले. घरच्या टाकीत ते एका दुपारीही सुरू होऊ शकते.

उन्हाळ्यात पहिला उपाय पंख्याचा. सम्पच्या किंवा टाकीच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडला की पाणी वेगाने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. २५० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले, तर त्याने नेलेली उष्णता संपूर्ण टाकी सुमारे सव्वादोन अंशांनी थंड करण्याइतकी असते. कोरड्या हवेत हे तंत्र उत्तम चालते, आणि वैशाखातली नागपूरची हवा कमालीची कोरडी असते. त्याच खोलीत मोठा डेझर्ट कुलर लावला, तर मात्र हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा जोर निम्म्यावर येतो. त्यामुळे टाकीच्या खोलीत एकतर पंखा आणि उघडी खिडकी, नाहीतर एसी किंवा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), असा विचार करून निर्णय घ्यावा. नवख्यांना मे महिन्याची धास्ती असते. पंख्याच्या भरवशावर राहणाऱ्याला खरा फटका जुलै-ऑगस्टमध्ये बसतो, कारण तेव्हा हवा ओलसर असते, पाणी उडत नाही आणि पंप व दिवे यांची उष्णता टाकीतच राहते. कठीण प्रवाळ पाळायचा असेल, तर चिलरचा खर्च आरंभीच धरावा. चिलर बाहेर टाकणारी उष्णता त्याच बंद खोलीत राहिली तर त्याचा उपयोग उरत नाही. उलट तो पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात ठेवला तर त्याची क्षमता घटते. सावलीतली, हवा खेळती असलेली जागा त्याला हवी.

पाणी उडते, पण मीठ मागे राहते. माझ्या २५० लिटरच्या टाकीतून मे महिन्यात दिवसाला साडेचार लिटरपर्यंत पाणी उडते, म्हणजे जवळपास दोन टक्के. त्याची भर शुद्ध आरओ-डीआय पाण्याने, ऑटो टॉप-ऑफने (पातळी उतरताच आपोआप पाणी सोडणाऱ्या यंत्रणेने), दिवसभरात थेंबाथेंबाने झाली पाहिजे. एका उन्हाळ्यात लग्नासाठी मी पाच दिवस अमरावतीला होतो. टॉप-ऑफचा साठा दहा लिटरचा होता, तो दोन दिवसांत संपला, आणि परतलो तेव्हा खारटपणा ३७ च्या घरात होता. तोपर्यंत माझा टॉर्च हा एलपीएस प्रवाळ थोडा मिटला होता, पण जिवंत आणि घट्ट होता. मी तासाभरात तेरा लिटर शुद्ध पाणी ओतून आकडा ३५ वर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दोन तोंडांच्या कडेने ऊती सांगाड्यापासून सुटली होती आणि कंगव्याच्या दातांसारख्या पांढऱ्या कडा उघड्या पडल्या होत्या. आठवड्याभरात ती दोन्ही तोंडे गेली. तेच पाणी दोन दिवसांत विभागून घातले असते, तर ती वाचण्याची पुरेपूर शक्यता होती. तेव्हापासून टॉप-ऑफचा साठा उन्हाळ्यात किमान आठवडाभर पुरेल इतका ठेवतो.

हिवाळ्यासाठी एका लिटरला एक वॉट या हिशेबाने हीटर घ्यावा. मात्र एकच मोठा न घेता निम्म्या क्षमतेचे दोन घ्यावेत आणि ते वेगळ्या टेम्परेचर कंट्रोलरवर चालवावेत. एक चालूच राहून अडकला तरी टाकी शिजत नाही, आणि एक बंद पडला तरी रात्र निभावते.

अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम

कठीण प्रवाळ पाळण्याचे गमक इथे आहे. अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, आणि तो डीकेएच या एककात मोजतात. समुद्रात अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच, कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि मॅग्नेशियम १२८० ते १३०० पीपीएमच्या आसपास असते. घरच्या टाकीत अल्कलिनिटी ७.५ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० ठेवावे. अल्कलिनिटी ७.८ असो की ८.६, प्रवाळ दोन्हीशी जुळवून घेतो, सोमवारी ७.८ आणि मंगळवारी ९ झाली, तर एसपीएसची वाढणारी टोके जळाल्यासारखी पांढरी पडतात. दिवसाला एक डीकेएचहून अधिक बदल कधीही करू नये, आणि शक्यतो अर्ध्यावर थांबावे.

मापन रोज त्याच वेळी करावे, कारण प्रवाळ दिवसा उजेडात सांगाडा अधिक बांधतो आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे त्यामुळे वेगळे येतात. मी संध्याकाळी सातला करतो. सिरिंजने टाकीच्या मधल्या उंचीवरून पाणी घ्यायचे, तळाशी बुडबुडा राहिला तर ते सोडून पुन्हा घ्यायचे, कुपी टाकीतल्याच पाण्याने एकदा विसळायची, मग सूचनेइतके पाणी घेऊन त्यात निर्देशक घालायचा आणि पांढऱ्या कागदासमोर धरून एकेक थेंब सोडत कुपी हलवायची. रंग क्षणभर पालटून परत येतो तो शेवट नव्हे. हलवल्यावरही जो रंग टिकतो, त्या थेंबाला थांबायचे. घाईत एक-दोन थेंब जास्त पडले की किटनुसार अर्धा ते एक डीकेएच फरक दिसतो, आणि त्या खोट्या फरकावर डोस बदलला की खरा फरक घडतो.

खप काढण्याची रीत सोपी आहे. तीन दिवस काहीही न घालता मोजावे. समजा अल्कलिनिटी ८.६ वरून ७.४ झाली, तर रोजचा खप ०.४ डीकेएच. शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा, ३ ग्रॅम घातला की १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी सुमारे १ डीकेएचने वाढते. तेव्हा २५० लिटरला या खपासाठी रोज ३ ग्रॅम लागेल. बेकिंग पावडर किंवा पापडखार हे वेगळे पदार्थ आहेत, ते घालू नयेत. १ डीकेएच अल्कलिनिटीमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होते, म्हणून इथे रोजचा कॅल्शियमचा खप जवळपास ३ पीपीएम आणि त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट सुमारे २.६ ग्रॅम. दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या बाटल्यांत करावीत, वेगवेगळ्या वेळी, जोरदार प्रवाहाच्या जागी सोडावीत. एकमेकांना भेटली तर दुधाळ गाळ होऊन दोन्ही वाया जातात. टाकीतले पाणी मोजताना खडक आणि वाळू यांची जागा वजा करावी. मॅग्नेशियम हळू उतरते, ते पंधरवड्याने तपासले तरी चालते. ते कमी असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही धरून ठेवणे कठीण जाते.

दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा, ज्याला छंदातली मंडळी काल्कवासर म्हणतात. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुमारे दीड ग्रॅम एका लिटर आरओ-डीआय पाण्यात हलवून, गाळ बसू देऊन, वरची स्वच्छ निवळी वापरायची. पानठेल्यावरचा किंवा रंगाच्या दुकानातला चुना चालत नाही, कारण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. या निवळीतून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणात एकत्र मिळतात. शिवाय ती पीएच उचलते, आणि एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच ७.८ पर्यंत घसरतो तेव्हा तिचा मोठा आधार होतो. परदेशातले पुष्कळ लोक ही निवळी टॉप-ऑफच्या साठ्यातच भरतात. नागपुरात तसे करू नये. पूर्ण संपृक्त निवळीचा एक लिटर २५० लिटरच्या टाकीची अल्कलिनिटी सुमारे ०.४५ डीकेएचने वाढवतो. मे महिन्यात चार लिटर पाणी उडाले तर एका दिवसात १.८ डीकेएच आत जाईल, आणि ऑगस्टमध्ये तीच टाकी अर्ध्या लिटरवर उपाशी राहील. निवळीला स्वतंत्र डोसिंग पंप लावावा आणि टॉप-ऑफमध्ये साधे शुद्ध पाणीच ठेवावे. डोस रात्री, थेंबाथेंबाने, प्रवाहात पडावा. तिचा पीएच बाराच्या वर असल्याने एकदम ओतलेला पेलाभर द्रवसुद्धा घातक ठरतो.

उजेड आणि प्रवाह

प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड ‘पार’ या मापाने मोजतात. हॅमर, टॉर्च, डंकन यांसारख्या एलपीएसना ५० ते १५० पार पुरतो, तर अॅक्रोपोराला २०० ते ३५० लागतो. माँटिपोरा या दोहोंच्या मध्ये समाधानी राहतो. साधे लक्समीटर निळ्या उजेडाला फसते, म्हणून पार मीटर ओळखीतून एका दिवसासाठी मिळवून टाकीचे सर्व कोपरे मोजावेत आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. दिवे आठ ते दहा तास पुरेत. नवा दिवा लावल्यावर निम्म्या तीव्रतेपासून सुरुवात करून आठवड्याला पाच टक्के वाढवावी. उजेड कमी पडला तर प्रवाळ तपकिरी होत जातो आणि अंग लांबवतो. जास्त झाला तर फिकटतो आणि दिवसाही आखडून बसतो. खिडकीतून येणारे थेट ऊन टाकीवर पडू देऊ नये, ते उजेडापेक्षा उष्णताच जास्त आणते.

प्रवाह एलपीएससाठी टाकीच्या आकारमानाच्या तासाला १५ ते २५ पट आणि एसपीएससाठी ३० ते ५० पट असावा. एकाच दिशेने सतत मारा करण्यापेक्षा दोन वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारे पंप) समोरासमोर लावून आळीपाळीने चालवावेत. टॉर्चचे शुंडक वाऱ्यातल्या ज्वारीसारखे डोलले पाहिजेत. एका बाजूला दाबून पडले असतील तर प्रवाह जास्त आहे. हॅमर, टॉर्च आणि गॅलेक्सिया रात्री डंख मारणारी लांब शुंडके सोडतात, म्हणून त्यांच्याभोवती किमान १५ ते २० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी.

नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असावे. दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नये, त्याने प्रवाळ उपाशी फिकटतात आणि डायनोफ्लॅजेलेटची चिकट तपकिरी साय वाळूवर पसरते. एलपीएसना आठवड्यातून एक-दोनदा, दिवे मालवल्यानंतर, बारीक मायसिस कोळंबी पिपेटने तोंडाशी द्यावी.

प्रवाळ घरी आणताना

चेन्नई, मुंबई किंवा कोलकात्याहून येणारा प्रवाळ ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळातच मागवावा. एप्रिल-मेमध्ये फलाटावर तासभर पडलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात काय होते, हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तो धोका पत्करत नाही. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग बादलीत घेऊन अर्ध्या-पाऊण तासात टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळावे. त्यानंतर कोरल डिपमध्ये (कीड काढणाऱ्या द्रावणात) बुडवून चपटे कृमी, त्यांची अंडी आणि माँटिपोरा खाणाऱ्या गोगलगायी यांच्यासाठी भिंगाने तळ तपासावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. प्रवाळ प्रथम तळाशी, सावलीच्या बाजूला ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच्या जागी न्यावा.

वीज गेल्यावर

वळवाच्या वादळात वीज गेली की पहिला धोका ऑक्सिजनचा असतो, तापमान त्यामागून येते. घरच्या इन्व्हर्टरवर किमान एक वेव्हमेकर कायम जोडलेला असावा, आणि तो पृष्ठभाग ढवळेल असा वर वळवलेला असावा. १५० अँपिअर-तासांची चांगल्या स्थितीतली बॅटरी साठ वॉटचा भार रात्रभर सहज ओढते. चिलर आणि हीटर तिच्यावर टाकू नयेत. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप सुटे सेल घालून कपाटात तयार ठेवावा. उन्हाळ्यात फ्रीझरमध्ये आरओ-डीआय पाण्याच्या चार बंद बाटल्या गोठवून ठेवाव्यात. तापमान २८ च्या वर गेले तर एकेक बाटली, झाकण न उघडता, सम्पमध्ये सोडावी आणि तासाला एका अंशाहून अधिक उतरू देऊ नये. वीज परत आल्यावर सम्पची पातळी, टॉप-ऑफचा फ्लोट आणि डोसिंग पंपाचे घड्याळ या तीन गोष्टी स्वतः उभे राहून तपासाव्यात, कारण वेळ विसरलेला पंप दिवसभराचा डोस पुन्हा घालू शकतो.